तीन रुमाल

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेले स्मृती व्याख्यान)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. या व्यासपीठावर माझ्या आधी प्राध्यापक बोलून गेले, लेखक बोलून गेले, एक न्यायाधीशही बोलून गेले. मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. नोकरीभर जे काही बोललो ते टिपणीत बोललो, आणि आमच्या टिपणीचा शेवट ठरलेला असतो, 'आदेशार्थ सादर'. म्हणजे मत आपण मांडायचं आणि निस्तरायला वरच्या साहेबाकडे पाठवायचं. (हशा) आज वर कोणी साहेब नाही. जे बोलेन ते माझ्याच अंगावर येणार आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो त्यांचं पूर्ण नाव मागच्या पडद्यावर आहे. मी मात्र त्यांना भाऊसाहेबच म्हणणार, कारण सगळा तालुका त्यांना तेच म्हणायचा. भाऊसाहेब साहित्यिक नव्हते, पुढारी नव्हते, देणगीदार तर नव्हतेच. ते तहसील कचेरीत रेकॉर्डकीपर होते. रेकॉर्डकीपरच्या नावानं व्याख्यानमाला चालवणारं दुसरं गाव मला माहीत नाही. मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो, वय वर्षं तेवीस.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'नीटनेटका पेहराव, नीटनेटकं टेबल आणि कामाचा दर्जा'. पत्रिकेवर तो तसाच छापलाय. वाचून मला शाळेतली सुविचारांची पाटी आठवली. म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव बदलून घेतलं, तीन रुमाल.

तीन का? भाऊसाहेबांच्या वडिलांच्या पिढीत डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय माणूस कचेरीची पायरी चढत नसे. हा पहिला. दुसरा खिशातला, घाम पुसायचा. आणि तिसरा दप्तराचा. जुन्या कचेऱ्यांत कागद कापडात बांधून ठेवायचे आणि त्या अख्ख्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी त्यांतले कागद निवडून १९३० पासून पुढच्या काही वर्षांत ४५ खंड छापले. त्या कापडानं गाठ धरून ठेवली नसती, तर सरदेसाईंच्या हाती काय लागलं असतं? कसर आणि धूळ.

एक रुमाल इभ्रतीचा, एक अंगाच्या स्वच्छतेचा, एक कामाचा. आता प्रश्न असा की यांचा एकमेकांशी संबंध आहे का? ज्याचा डोक्याचा रुमाल झकास, त्याचा दप्तराचा रुमालही झकास असतो का?

असतोच असं नाही. पुरावा मी स्वतः.

नोकरीला लागलो तेव्हा मी कडक इस्त्रीचा शर्ट घालायचो. खिशाला दोन पेनं, बुटांना रोज पॉलिश. माझं टेबल मात्र उकिरडा होतं. त्यावर अर्ज, टपाल, मागच्या महिन्याची पत्रकं, चहाचे कप, आणि या सगळ्यावर एक वर्तमानपत्र अंथरलेलं, कारण दुपारी त्यावर डबा खायचा. एक आजी वारस नोंदीच्या अर्जासाठी यायच्या. नवरा गेलेला, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. त्या बाजाराच्या दिवशी यायच्या, कारण त्या दिवशी गावाहून जीप मिळायची. पहिल्या खेपेला मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या खेपेला म्हणालो, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसऱ्या खेपेला म्हणालो, आजी, तुमचा अर्ज इथं आलेलाच दिसत नाही, नवीन करा. त्यांनी पदराची गाठ सोडली, पैसे मोजले, आणि विचारलं, "नवीन तिकीट किती रुपयांचं लावायचं?"

भाऊसाहेब तेव्हा चहाचा कप ठेवायला माझ्या टेबलाशी आले होते. त्यांनी ते वर्तमानपत्र उचललं. खाली, वरून तिसरा कागद, आजींचा अर्ज होता. कोर्ट फी तिकीट जिथल्या तिथं, आणि अंगठ्याच्या ठशावर पिठल्याचा पिवळा गोल डाग.

भाऊसाहेब मला काही बोलले नाहीत. आजींना म्हणाले, "बसा. कागद सापडला. चूक आमची आहे." संध्याकाळी कचेरी बंद करताना मात्र म्हणाले, "शर्ट तुझा आहे, त्याला कितीही इस्त्री कर. टेबल आजींचं आहे."

मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे, आणि ते माझं नाही. टेबल आपल्या सोयीसाठी आवरायचं नसतं. आपण स्वतः तर पसाऱ्यातही वाट काढतो. "मला बरोबर सापडतं" असं प्रत्येक पसारेवाला सांगतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण तो रजेवर गेला की? बदली झाली की? आजारी पडला की? आवरलेल्या टेबलाची परीक्षा मालक गैरहजर असताना होते. कागद तुम्हाला किती वेळात सापडतो याला मी फारसं महत्त्व देत नाही. तुमच्या शेजारच्याला तो किती वेळात सापडतो ते सांगा.

ही समज आपल्याकडे जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू, शाई आणि कागदाच्या गोष्टी! समर्थ काय सांगतात? अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, पहिली ओळ आणि शेवटची ओळ एकसारखी दिसावी. इथपर्यंत कोणताही मास्तर सांगेल. पुढं ते म्हणतात की कागदाच्या कडेनं जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी कोरी कड झडेल, अक्षर जाणार नाही. आणि तरुणपणी इतकं बारीक लिहू नये की म्हातारपणी ते कामाला येणार नाही. बघा, समास सोडायचा तो पानाच्या देखणेपणासाठी नाही. शंभर वर्षांनी ते पान उघडणाऱ्यासाठी सोडायचा. हा रेकॉर्डकीपरचा विचार आहे. भाऊसाहेबांना दासबोध पाठ होता की नाही ठाऊक नाही, पण कागदाला भोक पाडताना ते समास मोजून भोक पाडायचे.

आता जरा कचेरीच्या आत चला. तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना 'सहा गठ्ठे' म्हटलं की हसू येईल. प्रशिक्षणात सगळे शिकतात आणि टेबलावर बसले की विसरतात. बाकीच्यांसाठी सांगतो. प्रत्येक कारकुनानं आपल्याजवळचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. एक, ज्यावर मला काम करायचंय ती प्रलंबित प्रकरणं. दोन, ज्यात मी माझं काम केलंय पण दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे ती प्रतीक्षाधीन. तीन, ठरावीक तारखांना पाठवायची नियतकालिकं. चार, नेहमी लागणाऱ्या आदेशांची स्थायी आदेश संचिका. पाच, काम संपलं म्हणून अभिलेख कक्षात पाठवायचे कागद. आणि सहा, नष्ट करायचे कागद.

यातली मेख दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. पहिला आणि दुसरा गठ्ठा एकत्र ठेवला की माणूस दिवसभर कागद चाळतो आणि त्याला वाटतं आपण काम केलं. प्रत्यक्षात जे कागद दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेत तेच तो परत परत उचलून ठेवत असतो. दोन्ही वेगळे केले की पहिला गठ्ठा एकदम बारीक दिसतो. दमलेल्या कारकुनाला त्यासारखं औषध नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पण सगळ्यात अवघड सहावा. आमच्याकडे कागदांचे वर्ग असतात. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'ड' वर्षभर. आमच्या रेकॉर्डात अ ला लाल रुमाल, ब ला हिरवा, क ला पिवळा आणि ड ला पांढरा. भाऊसाहेब म्हणायचे, लाल रुमाल कोणीही बांधेल, पांढरा बांधायला छाती लागते. खरंय. कागद ठेवायला अक्कल लागत नाही. टाकायला लागते, कारण टाकताना ठरवावं लागतं आणि ठरवलं की सही करावी लागते. म्हणून आपल्या कचेऱ्यांत कपाटांच्या डोक्यावर वीस वर्षांचे 'ड' कागद चढून बसतात आणि त्यांच्याखाली एखादा 'अ' गुदमरतो. तुमच्या घरातल्या माळ्याचीही हीच कथा, नाही का?

जपानी कारखान्यांतून आलेली 'फाइव्ह एस' ही पद्धत आता चाकणच्या नाहीतर वाळूजच्या कोणत्याही कारखान्याच्या भिंतीवर दिसते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. त्यातली पहिली पायरी मांडणीची नाही, झाडलोटीचीही नाही. पहिली पायरी आहे नको ते वेगळं काढून बाहेर करण्याची. मांडणी दुसरी, सफाई तिसरी. आपण उलट्या टोकापासून सुरू करतो. आधी छान डबे आणतो, मग त्यात अडगळ लावून ठेवतो. माझा पुतण्या अशा एका कारखान्यात आहे. तिथं अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की फळीवर त्याची नुसती आकृती दिसते. काय हरवलंय हे शोधावं लागत नाही, फळीच सांगते. मी ते पाहिलं आणि मला रेकॉर्डातली आमची पुठ्ठ्याची चिठ्ठी आठवली. एखादी संचिका कोणी नेली की तिच्या जागी भाऊसाहेब पुठ्ठा खोचायचे, त्यावर नेणाऱ्याचं नाव आणि तारीख. जपान कुठं आणि आमची तहसील कुठं!

असं सगळ्या जिल्ह्यात एकदम करता येतं का? करून दाखवलंय. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतले जुने कागद निवडून काढले, नको ते नष्ट केले, बसण्याची मांडणी बदलली, कोणत्या टेबलावर कोणतं काम आणि ते कसं करायचं हे लिहून काढलं. 'लखीना पॅटर्न' हा शब्द आमच्या खात्यात इतका रुळला की पुढं जो साहेब टेबलं हलवायला सांगे त्याला आम्ही मागं 'छोटे लखीना' म्हणायचो. चेष्टा होतीच, पण चेष्टेतही दाद होती. अडचण एवढीच की पुष्कळ साहेबांनी टेबलं हलवली आणि कागद तसेच ठेवले.

मग कायदे आले. राज्याचा जो २००५ चा कायदा म्हणून ओळखला जातो त्याचं नाव लांबलचक आहे, पण लोक त्याला 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. त्यात आहे की कर्मचाऱ्यानं आपल्याजवळ कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. त्याच वर्षी केंद्राचा माहितीचा अधिकार आला. त्याच्या चौथ्या कलमाची सुरुवातच अशी आहे की सगळे अभिलेख सूची करून, अनुक्रम लावून ठेवा. लोकांना त्यातले तीस दिवस आठवतात, हे कलम आठवत नाही. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. 'फाईल सापडत नाही' हे आमचं पिढीजात उत्तर होतं, आणि त्या कलमानं तोच आमचा गुन्हा ठरवला. नीटनेटकेपणाला कायद्यानं नागरिकाचा हक्क केलं. भाऊसाहेब तेव्हा निवृत्त झाले होते. मी जाऊन त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कायदा करावा लागला म्हणजे आपली लाजच की."

आता सगळं संगणकावर आलं, मग टेबलाचं काय राहिलं, असं तरुण मंडळी म्हणतील. बाळांनो, तुमच्या संगणकाचा पडदा दाखवा बरं. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल दुरुस्त', 'हेच वापरा'. (हशा) धूळ दिसत नाही एवढाच फरक.

इथं कोणीतरी हात वर करणार हे मला माहीत आहे. तिसऱ्या रांगेतले आमचे विज्ञानाचे सर मघापासून चुळबुळतायत. ते विचारणार, आइनस्टाइनचं काय? बरोबर आहे सर. १८ एप्रिल १९५५ ला प्रिन्स्टनला आइनस्टाइन गेले, आणि त्याच दिवशी एका छायाचित्रकारानं त्यांच्या कार्यालयाचा फोटो काढला. टेबलावर कागदांचा ढीग, मागच्या फडताळात ढीग. तो फोटो जगभरचे पसारेवाले पुरावा म्हणून दाखवतात. आणि अलेक्झांडर फ्लेमिंग? १९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीहून लंडनच्या प्रयोगशाळेत परतले तेव्हा न धुतलेल्या बशा तशाच पडल्या होत्या. एकीवर बुरशी आलेली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले. त्यातून पेनिसिलिन. बशा धुतल्या असत्या तर?

हे मी उडवून लावणार नाही. २०१३ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. आवरलेल्या खोलीत बसलेल्या लोकांनी खाऊ म्हणून चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त निवडलं, दानधर्मालाही जास्त पैसे काढले. पसारा असलेल्या खोलीतल्यांना मात्र नव्या कल्पना जास्त सुचल्या. म्हणजे आवरलेली खोली माणसाला रीतीनं वागायला लावते आणि पसारा त्याला रीत सोडायला लावतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. एवढ्या लहान प्रयोगांवर आयुष्य बेतू नये, पण गोष्ट पटण्यासारखी आहे. कवीनं जरूर पसारा करावा. या वाचनालयात कवी भरपूर आहेत, त्यांनी निर्धास्त असावं.

पण फ्लेमिंगची गोष्ट अर्धी सांगू नका. ती बुरशी त्यांना दिसली, हे त्यांचं थोरपण. औषध मात्र त्यांच्या हातून झालं नाही. पुढं ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून, नोंदून, शुद्ध करून १९४१ साली ते पहिल्या रुग्णाला टोचलं. म्हणजे कल्पना पसाऱ्यात सापडली आणि रोग्यापर्यंत ती वहीतल्या नोंदींनी पोचवली. आणि आइनस्टाइनच्या टेबलावरचे कागद आइनस्टाइनचे होते हो! त्यात कोणा आजीचा अर्ज नव्हता.

आता कपड्यांकडे येतो. हा भाग मला जास्त जपून बोलावा लागेल.

कपड्यांनी काम सुधारतं का? २०१२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी लोकांना पांढरा कोट घालायला देऊन पाहिला. हा डॉक्टरचा कोट आहे असं सांगितलं की घालणाऱ्याचं लक्ष जास्त एकाग्र होतं, आणि तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून सांगितला की होत नाही, असं त्यांना आढळलं. वर्तमानपत्रांना बातमी आवडली. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग जास्त लोकांवर पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. त्यामुळे 'सूट घाला, हुशार व्हा' असं कोणी भाषणात सांगितलं तर टाळ्या वाजवा, पण सूट शिवायला टाकू नका.

पांढऱ्या कोटाचीच पुढची गोष्ट बघा. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस डॉक्टरांना सांगत होते की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला हात लावू नका, क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवा. त्यानंतर त्या वॉर्डातले मृत्यू झपाट्यानं उतरले. तरीही मोठमोठे डॉक्टर दुखावले. आमचे हात अस्वच्छ? आम्ही सभ्य गृहस्थ! त्या काळचे सर्जन जुना रक्तानं कडक झालेला कोट घालून शस्त्रक्रिया करत. पुढं जंतू समजले, पांढरा कोट आला, आणि तो डॉक्टरकीची खूणच झाला. मग २००७ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्यानं काय सांगितलं? कोपराखाली काही नको. लांब बाह्या नकोत, घड्याळ नको, टाय टाळा, तो पारंपरिक पांढरा कोटसुद्धा नको, कारण बाह्यांवरून जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाण्याची भीती. ज्या कोटानं डॉक्टर ओळखायचा तोच रोग्याच्या हितासाठी उतरवला. मला हा प्रसंग फार आवडतो. कपडे कोणासाठी, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरात सरकारनं परिपत्रक काढलं. मंत्रालयात आणि शासकीय कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट नको, भडक रंग नको, स्लिपर नको, आणि आठवड्यातून एक दिवस खादी घाला. यावर खूप टीका झाली, विनोद झाले. माझं मत? हेतूशी माझं भांडण नाही. स्लिपर फटफटवत साहेब आले की समोरच्याला वाटतं, याला माझं काम घरगुती वाटतंय. पण मला एक गोष्ट टोचली. खुर्चीत बसलेल्याच्या पायात काय आहे यावर परिपत्रक निघतं. समोरच्यानं उभं किती वेळ राहायचं, त्याला बसायला बाक आहे का, प्यायला पाणी आहे का, याकडे कोणी पाहिलं तर कचेरी जास्त नीटनेटकी दिसेल.

आणि पेहरावाचा नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही बोललं पाहिजे. सावित्रीबाई फुले शाळेत निघाल्या की लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या दुसरं लुगडं बरोबर नेत आणि शाळेत जाऊन बदलत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना आपल्याला त्यांचं धैर्य दिसतं. मला त्यातली शिक्षिका दिसते. त्या तशाच वर्गात गेल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. पण समोर बसलेल्या मुलींना स्वच्छ बाई दिसली पाहिजे, हे त्यांनी ठरवलं होतं. व्यावसायिकता हा शब्द मराठीत फार उशिरा आला, वस्तू आधीपासून होती.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले. ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखली जाते तो सोडा, इतर बायकांसारखं लुगडं नेसा. ठिगळं असली तरी चालतील, कपडा स्वच्छ हवा, असं त्यांनी सांगितलं. त्या सभेतल्या स्त्रियांनी लगेच लुगडी नेसायची पद्धत बदलली. ज्याला दारातच अडवतात त्याला कपडे शोभेसाठी घालता येत नाहीत. आत जायचा हक्क तो त्या कपड्यांत मागत असतो. आत बसलेल्याची गंजी फाटकी असली तरी त्याला कोण विचारणार?

बायकांच्या बाबतीत तर हा काटा दोन्ही बाजूंनी टोचतो. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाई एका बड्या हिशेबतपासनीस कंपनीत होत्या. कामात तरबेज. भागीदार करायची वेळ आली तेव्हा त्यांना सल्ला मिळाला की बायकी चालीनं चाला, मेकअप करा, केस सेट करून घ्या, दागिने घाला. त्या कोर्टात गेल्या, आणि १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा साचेबंद अपेक्षेला लिंगभेद मानलं. आपल्याकडे बाई टापटीप असली की 'नटते', नसली की 'गबाळी'. आमच्या कचेरीतल्या पुरुषांच्या बगलेतल्या घामाच्या नकाशांवर मात्र उभ्या नोकरीत कोणी शेरा मारल्याचं मला आठवत नाही. दुसरा रुमाल, खिशातला, तो नेमका इथं कामाला आला असता. (हशा)

मग पेहराव मोजायचा कसा? माझ्यापुरतं मी दोन चित्रं समोर ठेवतो. एक मुंबईचा डबेवाला. १८९० पासून चाललेलं ते काम. डोक्याला पांढरी टोपी, ती स्टेशनच्या गर्दीत ओळखू येते, लोक वाट देतात. आणि डब्यावर रंग, अक्षर, आकडा यांची खूण, अशी की एकाच्या हातातला डबा दुसऱ्यानं उचलावा आणि त्याला काही विचारावं लागू नये. टोपी आणि खूण. माझा पहिला आणि तिसरा रुमाल!

दुसरं चित्र गाडगेबाबांचं. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापर, हातात खराटा. कोणत्याही परिपत्रकात न बसणारा पेहराव. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पुढं सरकारनं गावं स्वच्छ करायची मोहीम काढली तेव्हा नाव या चिंध्यावाल्याचंच दिलं. टापटीप म्हणजे महाग कपडे असं ज्याला वाटतं त्यानं हा माणूस डोळ्यांसमोर आणावा.

भाऊसाहेबांकडे तीनच शर्ट होते, तिन्ही पांढरे. कॉलर झिजली की शिंप्याकडून ती उलटून शिवून घ्यायचे, आतली बाजू बाहेर. कॉलर उलटवलेली आहे हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. रेकॉर्डातल्या धुळीत दिवसभर काम करायचं म्हणून मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या कापडाचे बाहे चढवायचे आणि लोकांसमोर खिडकीशी यायच्या आधी ते काढून ठेवायचे. रोज, न चुकता. एकदा मी विचारलं, कशाला इतका त्रास? म्हणाले, "धूळ माझ्या कामाची आहे. त्यांना का दाखवायची?"

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतायत. शेवटचं एक, आणि ते या वाचनालयाबद्दल आहे. पदाधिकाऱ्यांनी राग मानू नये. भाषणाआधी पाणी प्यायला म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. तिथं या व्याख्यानमालेचे आजवरचे कागद आहेत, हस्तलिखितं, पत्रं, वर्गणीच्या पावत्या, फोटो. सगळे खताच्या तीन पोत्यांत. एका पोत्याला वाळवी लागलीय. भाऊसाहेबांच्या नावाची व्याख्यानमाला, आणि तिचं दप्तर पोत्यात!

मी ठरवून आलो नव्हतो, पण आता 'आदेशार्थ सादर' न म्हणता सांगतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी त्या खोलीत असेन. मला चार माणसं हवीत. येताना जुन्या सुती लुगड्याचे नाहीतर धोतराचे स्वच्छ धुतलेले तुकडे आणा, हातभर लांब आणि हातभर रुंद. डांबराच्या गोळ्या मी आणतो. कपडे कसलेही चालतील.